नाहीच्या जागी आहे

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

पत्र बघून नवल वाटेल. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा सुधारतोय, काल कठडा न धरता जिना चढली. वहिनींनी पाठवलेला स्वेटर तिला अगदी मापात बसला.

परवा तू फोनवर म्हणालास, "अगं, तुझी नवी फाइल उघडते, पण त्यात काही बदलता येत नाही. बिघडली का?" मी "बघते" म्हणून विषय टाळला. ती बिघडलेली नाही, दादा. आता मी प्रत्येक अहवाल डिजिटल सही करून, बंदिस्त करूनच पाठवते. कुणी एक अक्षर हलवलं, तरी लगेच कळतं.

मार्चमध्ये आमचा ड्राफ्ट्समन म्हणाला होता, "मॅडम, शाळेच्या सभागृहाच्या तपासणीचा अहवाल ठेकेदाराला असा उघडा देऊ नका." मी त्याच्यावरच डाफरले, "ठेकेदार माझा सख्खा भाऊ आहे!" आणि फाइल तशीच तुला पाठवली.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिका भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्यामुळे निर्धास्त झालो. सभागृहाच्या सज्ज्यात आता दीडशे मुलं बसतात." मी तो कागद बघायला मागितला. त्यांनी अहवाल काढून दाखवला. कागद माझा, सही माझी. मी लिहिलं होतं, 'सज्जा वापरण्यास योग्य नाही.' तिथे 'आहे' होतं. एवढंच.

मी तिथल्या तिथे सज्जा बंद करायला लावला. घरी येऊन दोन दिवस तुझ्यासाठी सबबी शोधल्या. टायपिंगची चूक असेल, दुसऱ्या कुणीतरी केलं असेल. शेवटी तुझ्या सुपरवायझरला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "ताई, साहेबांनी स्वतः बसून केलं. म्हणाले, तिला मी सांगतो."

आठ महिने झाले. तू घरी आलास, जेवलास, आईसमोर माझी चेष्टा केलीस, "आमची इंजिनिअर बाई फार कडक!" मीही हसले रे.

आता खरं ते लिहिते. आज सकाळी मूळ अहवाल मी स्वतः शाळेत आणि बांधकाम खात्यात दिला. "बदल कुणी केला?" असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. भावाच्या हाती उघडी फाइल दिली, हा माझा दोषही लेखी दिलाय. माझा परवानाही जाऊ शकतो.

आईला अजून काही माहीत नाही. ते तूच सांगायचंस.

रविवारी येणार आहेस. येऊ नकोस, असं म्हणवत नाही. पण आधी शाळेत जा, त्या सज्ज्याखाली उभा राहा, वर बघ. मग ये.

छोटी