आणखी एक उशी

प्रिय भिंगरी,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. कागद गुडघ्यावर ठेवून लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला पुरतं बोलू कुठे देतेस? मी "अगं, ऐक ना" म्हटलं की हसतेस आणि म्हणतेस, "बोला धास्तीराव, आज कुठलं आभाळ कोसळलं?" हे नाव तुझ्या आईनं ठेवलं, तू चालवलंस. खोटं नाही ते. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येतो, आणि बंद दिसला तरी हात लावून बघतो. पण कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग. सातवी शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका निघतील. शेवटपर्यंत वाच, एवढंच.

मागच्या महिन्यात तू घरी येऊन गेलीस, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जन्मभर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होतो. अंधारात तोंडं दिसत नाहीत, पावलं ऐकू येतात. कानांची ती सवय अजून गेली नाही. तुझी पावलं तर मी झोपेतही ओळखीन. आजारातून उठलीस त्या वर्षी तू जिना असा चढायचीस की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आतून ओरडायच्या, "भिंगरी आली गं, भांडी सांभाळा!" या वेळी मी दार उघडून उभा होतो आणि तुझी पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. बराच वेळ थांबली. वर आलीस ती ओठ मिटून, नाकानं श्वास घेत. म्हणालीस, "काकूंशी बोलत होते." अगं, काकू लेकाकडे गेल्या होत्या. त्यांच्या दाराला कुलूप होतं. मी ते बोलणार, तोच तुझ्या आईनं माझ्याकडे डोळे वटारले. सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि मी अंथरूण काढायला घेतलं, तर तुझ्या उशीखाली बाहेरच्या खुर्चीची गादी, आणि तिच्याखाली घडी घातलेली चादर. लहानपणी तू उशी लाथेनं उडवून झोपायचीस. तुझ्या आईला म्हटलं, "हे बघ." ती म्हणाली, "आता पोरीच्या उशाही तपासा! मान दुखत असेल तिची." मला तिचं पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

मग तू मला तुमच्या दवाखान्याच्या त्या मेळाव्याला बोलावलंस. लहानपणी कॅन्सर होऊन गेलेली माणसं पुढे आयुष्यभर कशी राहतात, हे तू शोधत असतेस हे मला ठाऊक होतं, पण ती माणसं मी कधी पाहिली नव्हती. सभागृह भरलं होतं. कुणी टक्कल पडलेला, कुणी पोराला कडेवर घेतलेली, आणि सगळ्यांच्या मागे आमच्यासारखे म्हातारे आईबाप. माझ्या शेजारी एक ट्रक ड्रायव्हर होता, दांडगा गडी. त्यानं उठून विचारलं, "डॉक्टर, आजार तर लहानपणीच गेला. मग आता तुम्ही आमच्यात काय शोधता?" तू म्हणालीस, "भाडेकरू गेला हो दादा, पण भिंतीत खिळे किती ठोकून गेला ते बघायला नको?" सगळे हसले, मीही हसलो. माझी छाती अशी फुगली होती की शेजारच्याला म्हणालो, "माझी मुलगी आहे ती."

त्याच हसण्यात तू पुढचं सांगितलंस. कॅन्सरच्या त्या लाल औषधानं जीव वाचतो, पण काहींच्या हृदयाचा स्नायू ते वर्षानुवर्षं सैल करत राहतं. दुखत नाही, खुपत नाही. माणसाला वाटतं, थकवा आहे, वय आहे, काम जास्त झालंय. जिन्यावर दम लागतो आणि तो थांबायला कारणं शोधतो. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून झोपताना एक उशी वाढते, मग आणखी एक. तू म्हणालीस, "उशी वाढली की माझ्याकडे या. लाजू नका, लपवू नका. लवकर कळलं तर औषधांनी हृदय सावरता येतं, उशीर झाला तर माझ्याही हातात फार उरत नाही." ड्रायव्हर मला कोपरानं ढोसून म्हणाला, "काका, आपली तर एकच उशी आहे, तीही बायको ओढून घेते." मी हसलो नाही. मला त्या हॉलमध्ये थंडी वाजायला लागली होती.

ते लाल औषध मला चांगलं आठवतं. वरच्या पिशवीतून नळीत उतरायचं. तू पलंगावर बसून पाय हलवत बघायचीस, आणि संध्याकाळी मोरीतून ओरडायचीस, "बाबा, माझी शू पण लाल!" सगळा वॉर्ड हसायचा. मी त्या पिशवीला मनातल्या मनात हात जोडायचो. मोठे डॉक्टर शेवटी म्हणाले, "पोरगी बरी झाली, घेऊन जा." तो शब्द मी आजवर देवासारखा जपला. पण आपल्या बोलीत या शब्दाचं काही खरं नाही गं. चहा कसा झालाय विचारलं आणि बायकोचं मन मोडायचं नसलं, तर आपण म्हणतो, "बरा आहे." मेळावा संपल्यावर मी तुला जिन्यापाशी गाठलं आणि विचारलं, "तू कशी आहेस?" तू फाईल छातीशी धरून म्हणालीस, "बरी आहे, बाबा." त्यातली कुठली बरी, ते मी त्या दिवसापासून शोधतोय.

म्हणून तुझ्या मागे तुमच्या दवाखान्यातल्या, हृदय तपासायच्या मशीनवाल्या ताईंना भेटलो. रागावू नकोस, त्यांनी आपणहून काही सांगितलं नाही. चहा पिता पिता विषय निघाला. नवीन मशीन आलं तेव्हा चाचणी म्हणून सगळ्यांनी आडवं होऊन आपापलं हृदय पडद्यावर पाहिलं म्हणे. शिपायानंही पाहिलं आणि घरी फोटो पाठवला. मी विचारलं, "आणि आमच्या मॅडमनी?" ताई हसल्या. म्हणाल्या, "त्यांना नेमकं तेव्हाच काम निघालं. आम्ही तर म्हणतो, मॅडमना हृदयच नसेल!" आणि हसता हसता त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिल्या. तू लहानपणी त्याच दवाखान्याच्या कॅन्सरच्या वॉर्डात होतीस, हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या तोंडावर वाचलं असावं त्यांनी.

पोरी, साऱ्या दुनियेला दिवा दाखवतेस आणि स्वतः दिव्याखाली बसतेस. का, तेही मला कळतं. तुला वाटतं, काही निघालं तर हा धास्तीराव जागच्या जागी संपेल. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि माझं मन तर असलं. पण एक सांगतो, हसू नकोस. घाबरायची तालीम मी जन्मभर केली आहे. दुसऱ्या कुणाला जमणार नाही इतकं मला घाबरता येतं, आणि घाबरून उभंही राहता येतं. तुझ्या पलंगापाशी ते सगळे महिने मी असाच उभा होतो. आता माझ्यासाठी लपवू नकोस.

आज मी तुझ्याच मजल्यावर बसलोय, मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर. तुझ्या आईला सांगितलंय, चष्म्याची काडी बसवायला जातो. ताईंनी जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ मोकळी ठेवली आहे. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण म्हणून लिहू?" मी तुझं नाव सांगितलं. "काय होतंय?" मी म्हटलं, "बरी झालेली आहे." हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवून इथेच बसून राहायचं, असं ठरवलं होतं. पण आज लिफ्ट बंद आहे, आणि आत्ता खालून पावलं येताहेत. तुझीच. खालच्या वळणावर येऊन थांबली आहेत. बोलण्याचा आवाज नाही, तिथे दुसरं कुणी नाही. मी केव्हाचा कान लावून आहे, अजून निघत नाहीत. राहिलेलं तोंडानं सांगतो. तू चढू नकोस. मी उतरतो.

तुझाच,
धास्तीराव