सेमीफायनल आणि सत्तावीस आठवडे

१२ जानेवारी, रविवार

एकवीस आठवडे.

वीस, एकवीस, बावीस — हे आकडे मला नकोच आहेत. पहिलं बाळ विसाव्यात गेलं. दुसरं बावीस आठवडे आणि एक दिवस. या वेळी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय. टाका छान आहे म्हणतात. मागच्या वेळीही सगळं छानच होतं, जाईपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी यादी दिली. फार वेळ उभं राहायचं नाही. काही उचलायचं नाही. जिना दिवसातून एकदा. ऑफिस घरून, सोफ्यावरून.

म्हणजे बोर्डावरच्या फुटबॉलची लीग गेली. चार वर्षांत पहिल्यांदा प्लेऑफमध्ये आले, आणि खेळायचा हॉल तिकडे एव्हरेट गावात, वरच्या मजल्यावर. डेलला मेसेज केला — हाच लीग चालवतो, सत्तरीचा, फेरीबोटींचा रिटायर्ड मेकॅनिक. कारण लिहिलं फक्त "मेडिकल". बाळ हा शब्द टाइप केला आणि खोडला.

१३ जानेवारी, सोमवार

डेलचं उत्तर: "हॉलला यायचं नसेल तर बोर्ड तुझ्याकडे येईल. नियमात हॉल असा शब्द कुठेही नाही."

परीक्षित — माझा नवरा — म्हणाला, "यार, ही माणसं खरंच वेडी आहेत." मग स्वतःच डायनिंग टेबल सोफ्याजवळ ओढलं.

१५ जानेवारी, बुधवार

पहिली प्लेऑफ मॅच घरात! डेल बोर्ड घेऊन आला, त्याच्यामागे हॅन्क — माझा आजचा प्रतिस्पर्धी, पोस्टमन.

शोभनाकाकू भाजी द्यायला आल्या, दारातच थबकल्या. दोन घरं सोडून राहतात, मूळच्या पुण्याच्या, माझ्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष. "हे काय गं? कॅरम?" समजावलं. पत्र्याचं मैदान, खाली मोटर. बटण दाबलं की पत्रा थरथरतो आणि अकरा-अकरा प्लॅस्टिकची माणसं आपोआप पळत सुटतात. प्रत्येकाच्या बुडाला बारीक काड्या असतात. त्या चिमट्याने कशा वाकवल्या त्यावर कोण सरळ जाणार, कोण वळणार, कोण ढकलणार ते ठरतं. बॉलवाल्याला समोरच्याचा माणूस चिकटला की तिथेच थांबायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड. अगदी खऱ्या अमेरिकन फुटबॉलसारखं — फक्त धावतं ते काड्यांवर.

"आणि ती केशरी माणसं तुझी?"

"नागपूर ऑरेंजेस."

काकू हसल्या. डेलने माझा प्रत्येक खेळाडू छोट्या काट्यावर ठेवून वजन केलं. चार ग्रॅमच्या वर चालत नाही. सात नंबरला रंग जास्त लागला होता — बाद! "सॉरी कॅडी, रूल इज रूल." कादंबरी हे माझं नाव कोणालाच म्हणता येत नाही, मी तिथे कॅडी.

जिंकले. एकवीस-चौदा.

सगळे गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "ही घरघर पोटाला लागत नाही ना गं?"

झालं. तेव्हापासून तेच डोक्यात. टेबलाला पोट टेकलं होतं का? दोनदा टेकलं असेल. तीनदा?

१६ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना हॉस्पिटलच्या पोर्टलवर विचारलं. लाज वाटली, तरी विचारलं. उत्तर: "अजिबात धोका नाही. जिंकलात का?"

१९ जानेवारी, रविवार

बावीस. उद्या अधिक एक.

बाथरूमला जायची भीती वाटते. जाते, डोळे मिटते, मग कागदाकडे बघते. लाल नसलं की तेवढ्यापुरता श्वास. परत तासाभराने तेच. परीक्षित बाहेर उभा असतो, त्याला वाटतं मला कळत नाही. दाराखाली त्याच्या मोज्यांची सावली दिसते.

२० जानेवारी, सोमवार

बावीस आणि एक.

काही लिहिणार नाही आज.

२१ जानेवारी, मंगळवार

बावीस आणि दोन! इथे याआधी मी कधीच आले नव्हते. पुढचा सगळा रस्ता अनोळखी. आनंद व्हायला हवा होता.

दिवसभर बत्तीस नंबरच्या काड्या वाकवत बसले. हा माझा पळणारा — वेगात जातो आणि मध्येच डावीकडे वळतो. उजवी मागची काडी केसभर खाली. परत चाचणी. परत डावीकडे. या वाकवण्यात तास जातो, आणि तास जाणं एवढंच काम आहे सध्या.

२७ जानेवारी, सोमवार

आईचा फोन. व्हिडिओ बंद ठेवला, म्हटलं नेट खराब आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. दोनदा सांगितलं आणि दोनदा मला तिला तो दुसरा, बाळ गेल्याचा फोन करावा लागला. तिचं "बरं बाळा, तू झोप आता" मला तिसऱ्यांदा ऐकवणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

चोवीस. आजपासून जन्मलं तर डॉक्टर वाचवायचा प्रयत्न करतात. कालपर्यंत करत नव्हते. म्हणजे काल आणि आजमध्ये हा एवढा फरक — आणि बाहेर नुसता भुरभुर बर्फ पडतोय, शेजारचे लोक कुत्रा फिरवताहेत.

पहिल्यांदाच परीक्षित पोटाशी बोलला. बॉसला देतो तशी इंग्रजीत अपडेट दिली: "वी आर ऑन ट्रॅक." मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली — हसल्याने टाक्यावर ताण येतो का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहू शकतेय. हॉस्पिटलमध्ये आहे.

मंगळवारी दुपारी सेमीफायनल होती, माझ्या घरी, डेलविरुद्ध. काकू किचनमध्ये चहा करत होत्या. तिसरा क्वार्टर संपला, सतरा-चौदा, मी पुढे. बटण दाबायला हात पुढे केला आणि आत कुठेतरी टप्प झालं. मग गरम. कुशनपर्यंत. मला वाटलं रक्त. बघायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "काकू, बघा ना. प्लीज तुम्ही बघा."

काकूंनी बघितलं. "रक्त नाही. पाणी आहे. उठू नकोस."

डेल उभा राहिला. चावी काढली, पिकअप दाराला लावली, मागच्या सीटवर ब्लँकेट टाकलं. काकूंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि रामरक्षा सुरू केली — मध्येच ओळ विसरल्या, पहिल्यापासून सुरू केली. डेल सिग्नलला मागे वळून एवढंच म्हणायचा, "ब्रीद, कॅडी." मी नव्हतेच घेत श्वास. खरंच नव्हते.

पंचवीस आठवडे दोन दिवस.

पाणी गळतंय, पूर्ण गेलेलं नाही. टाका काढला. बाळाचं हृदय चालू आहे. त्याच्या फुप्फुसांसाठी मला दोन इंजेक्शनं दिली. आता इथेच राहायचं, बाळ येईपर्यंत. "केव्हा?" विचारलं. डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्या बसल्या म्हणूनच मी जास्त घाबरले. म्हणाल्या, "आज किंवा आठ आठवड्यांनी. आपल्याला प्रत्येक दिवस हवा आहे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक दिवस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक दिवस.

पोटाला पट्टा, पट्ट्याला मशीन, मशीनमधून घोडा पळाल्यासारखे ठोके. मध्येच आवाज जातो. नर्स म्हणते, बाळ हललं, पट्टा सरकला. दर वेळी हेच म्हणते. दर वेळी त्या दहा सेकंदांत मी मरते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं. मी रडत होते म्हणून तिला अर्धं कळलं नसेल.

ती म्हणाली, "मला माहीत होतं गं."

"कसं?"

"तीन महिने तुझं नेट खराब. अमेरिकेत?"

मग म्हणाली, घाबरलीस तरी फोन कर. घाबरलीस तर जास्तच कर. मी इथे एकटी घाबरून काय करू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डेलचा मेसेज. नियमाप्रमाणे दहा दिवसांत मॅच पूर्ण झाली नाही तर मी हरले. ही मुदत उद्या संपते. "मुदत वाढवायला लीगची मतं लागतात. अकरापैकी अकरा मिळाली. पण मी हॉस्पिटलच्या पलंगावरून फुकटचा विजय घेणार नाही. उरलेला क्वार्टर तिथेच येऊन खेळू. ते तुला परवडेल का विचार कर."

परीक्षित म्हणाला, "नाही म्हण. डोक्याला कशाला ताण?" पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडले. इथे मला सगळे पेशंट म्हणून बघतात. तूही. हा एकटा माणूस माझ्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून बघतोय!

तो बाहेर गेला. अर्ध्या तासाने परत आला, डोळे लाल. म्हणाला, "मला भीती वाटते. मला वाटलं मी नाही बोललो तर तुला कमी वाटेल."

त्याला म्हटलं, मोज्यांची सावली दिसते. त्याला काही कळलं नाही. जवळ बस म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सत्तावीस.

दुपारी डेल आला. बोर्ड त्याने जसाच्या तसा ठेवला होता. कोण कुठे उभा होता त्याचे फोटो, आणि खडूच्या खुणा. नर्सने आधी मोटर बघितली, मग मोठ्या नर्सला बोलावलं, मग दोघींनी खाली टॉवेलांची घडी घातली म्हणजे शेजारच्या खोलीत आवाज नको. आणि मग? डेलने खिशातून काटा काढला. परत वजन! अकराच्या अकरा.

"सात नंबरचा रंग खरवडलास का?"

"खरवडला."

"गुड."

मी आडवी. परीक्षित माझे हात झाला. मी सांगायची — बत्तीसला थोडा उजवीकडे फिरव, अजून, बास — आणि तो चिमट्याने फिरवायचा, जीभ दातात धरून. डेलने टचडाउन केलं. एकवीस-सतरा. आता मला एकच संधी, चौथा प्रयत्न, नऊ यार्ड. मी बत्तीसवर डाव लावला. परीक्षितने बटण दाबलं. बत्तीस सुटला! दोघांच्या मधून गेला, मोकळं मैदान, समोर कुणी नाही — आणि डावीकडे वळला. गोल फिरला. स्वतःच्याच गोलकडे पळायला लागला.

"अरे उलटा! उलटा रे गाढवा!" मराठीत ओरडले. डेलचा माणूस येऊन त्याला चिकटला. हरले.

तेव्हा लक्षात आलं, गेली चार मिनिटं मी मशीनचे ठोके ऐकलेच नव्हते. बघितलं. चालू होते. आपले चालूच होते, मी ऐकत नसतानाही.

डेलने हात मिळवला. म्हणाला, "ती उजवी काडी तू जास्त वाकवलीस, कॅडी. मी पाहिलं होतं, पण सांगायची वेळ नव्हती." आणि बोर्ड काखेत मारून गेला. गेट वेल सून वगैरे काही नाही.

२ मार्च, रविवार

अठ्ठावीस. डेल फायनल हरला. वाईट मूडमध्ये आहे म्हणे.

पाठ दुखतेय सकाळपासून. गादीमुळे असेल.

६ मार्च, गुरुवार

गादीमुळे नव्हतं.

मुलगी. मंगळवारी सकाळी दहा चाळीसला. अठ्ठावीस आठवडे दोन दिवस. एक किलो साठ ग्रॅम.

मी वाट बघत होते आवाजाची. आला नाही. दहाबारा लोक, सगळे हळू बोलत होते, तिच्याभोवती घोळका. मला फक्त पाठी दिसत होत्या. परीक्षितला म्हटलं, जा तिकडे. तो म्हणाला तुला सोडून नाही जात. म्हटलं जा! मग ते तिला पेटीत घालून घेऊन गेले. नाकातोंडात नळी. नळी असल्यावर आवाज निघत नाही म्हणे. असेल.

कार्डावर नाव हवं होतं. परीक्षितने अनया लिहिलं. नावावर आम्ही कधी बोललोच नव्हतो — भीतीने. मला न विचारता लिहिलं त्याने. बरं केलं.

९ मार्च, रविवार

काचेच्या पेटीला दोन गोल खिडक्या. आत हात घालायचा, ठेवायचा, चोळायचा नाही. तिचा तळवा माझ्या बोटाच्या पेरावर मावतो. अलार्म वाजतो. नर्स बघते, बटण दाबते, जाते. मी तिथेच, घामाने भिजलेली. काकू डबा आणतात. कोण खाणार?

१२ मार्च, बुधवार

ऑक्सिजन वाढवावा लागला. डॉक्टर म्हणतात दोन पावलं पुढे, एक मागे, असंच असतं. मला मागचंच पाऊल दिसतं.

आईला तीनदा फोन केला. ती तीनही वेळा पहिल्या रिंगला उचलते. नागपुरात तेव्हा किती वाजलेले असतात, विचारत नाही.

१८ मार्च, मंगळवार

नळी शुक्रवारी काढून बघू म्हणाले. स्वतः श्वास घेते का. नाही घेतला तर परत घालायची.

नाही घेतला तर.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी काढली. दोन तास काचेला नाक लावून छाती बघत बसले. खाली-वर. खाली-वर.

मग एकदम आवाज आला. बारीक, घोगरा, कधीच न ऐकलेला. खुर्ची पाडून उठले. "काय झालं? काय होतंय तिला?"

नर्सच्या हातात ओला डायपर होता. "नथिंग, मॉम," म्हणाली. "शी इज जस्ट मॅड ॲट मी."

चिडलीय! अनया चिडलीय!