बिननावाचं बटण आणि बाजाची पेटी

चारठाणा

चि. धम्मदीपला सिद्धोधनमामाचा सप्रेम जयभीम. पुण्यात तुझी तब्येत, सूनबाई आणि नोकरी (याच क्रमानं) बरी असेल. मी ठीक आहे. साखरेनं डोळे नेले, गळा तेवढा सोडला. हे पत्र मोबाईलला बोलून लिहितोय. चुका त्याच्या, शहाणपण माझं.

तर विहारातल्या पोरींना गाणी शिकवायचं मला बोलावणं आलं. नजर गेल्यापासून कुणी काही काम सांगितलं नव्हतं, म्हणून मी लय हरखलो. पण बाजाची पेटी कुठून आणायची? जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीची एक साइट उघडली. मोबाईलमधली बाई वाचायला लागली, "बटण. बटण. चित्र. बटण." कशाचं बटण, ते तिलाही ठाऊक नाही! (घरातल्या सगळ्या डब्यांवर नुसतं 'डबा' लिहिलं, तर तुझी मामी चहात मीठ घालील.) शेवटी एका चौकटीत "जुनी पेटी, गोड सुराची" असं बोललो, हाताला लागलं ते बटण दाबलं. बाई म्हणाली, "झालं."

दुसऱ्या दिवशी येलदरीहून मुंजाजी नावाच्या माणसाचा फोन. "पेटीसाठी निघालोच," म्हणाला आणि ठेवला. मला वाटलं, पेटी घेऊन येतोय. मामीनं शिरा केला. तो आला, शिरा खाल्ला, आणि आम्ही दोघंही वाट बघत बसलो. अखेर तो म्हणाला, "काढा की पेटी."

"आमी काढू? तुमी आणली न्हाई?"

"इकायलात तुमी, अन् आणू मी?"

शोधायच्या ऐवजी मी विकायची जाहिरात देऊन बसलो होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो गडी हसत सुटला. म्हणाला, "मला डोळे हायेत मामा, तरी उन्हात तिथली फिकट अक्षरं दिसंनात. मीबी अंदाजानंच दाबलं. पेटी नसंना, ढोलकी हाय माझ्याकडं." आता तो दर रविवारी ढोलकी घेऊन येतो. पोरी ताल सोडतात, पण आवाज सोडत नाहीत.

दिवाळीत तू म्हणाला होतास, "सगळ्यांसाठी सगळं करत बसलं, तर साइट पुरी कधी व्हायची?" खरंय. फार लांब जाऊ नको. बटणाला नाव दे, अक्षरं ठळक कर, मग डोळे मिटून स्वतःच चालवून बघ. जिथं ठेच लागेल, तिथं अजून काम आहे असं समज.

तुझा,
सिद्धोधनमामा

ता.क. ती साइट कुणी केली, ते शेजारच्या संघप्रियाला बघायला सांगितलं. तळाशी तुझंच नाव आहे म्हणे. मामीला अजून बोललो नाही. ती तडक पुण्याला निघायची.

आणखी ता.क. जाहिरात अजून चालूच आहे. आत्ताच सेलूचं गिऱ्हाईक दारात आलंय. जाहिरात काढायचं बटण कुठलं, ते फोन करून सांग. नको, फोन नको. बटणावरच लिही, मला ऐकू येतं.