मस्कतचं कारीट

अप्पा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. आता ही कुठल्या पत्त्यावर पाठवू, पण लिहून काढते.

भिवंडीत टेमघरच्या आपल्या घरी दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बांधावरून कारिटं आणायचात, लिंबाएवढी, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने एकेकाने फोडायचं, नरकासुर मेला म्हणायचं आणि त्यातली बी जिभेवर ठेवायची. कडूजहर. लहानपणी एकदा मी थू थू करत मोरीकडे पळाले, तर तुम्ही माझ्यासमोरचं फराळाचं ताटच उचललंत. "थुंकायचं नाही. गिळ, मग फराळ." एरवी तुमचा आवाज कधी चढला नाही. मी रडत रडत गिळलं आणि पहिली करंजी तुम्हीच माझ्या हातावर ठेवलीत.

लग्न होऊन मस्कतला निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिकडे वाळूत कसली दिवाळी करणार तू?" मला ते फार लागलं. ते सत्त्याऐंशी साल असेल. ह्यांनी कंदील आणला, मी चकल्या केल्या, जरा मऊच पडल्या, पण कारीट कुठून आणायचं? हे म्हणाले, कारल्याची चकती ठेव. कारल्याने कधी नरकासुर मरतो का? आणि त्याच शुक्रवारी गावाबाहेर फिरायला गेलो, तर कोरड्या ओढ्यात वेल पसरलेला आणि त्याला तीच फळं. थोडी मोठी, पण पट्टे तेच. अप्पा, मी तिथेच वाळूत बसून रडले. ह्यांना वाटलं विंचू चावला.

तिसऱ्या मजल्यावर तुळस कुठली! बाथरूमच्या उंबऱ्याशी फोडलं. तुमचा धाक एवढा, की बीच काय, चांगला गर गिळला आणि ह्यांनाही गिळायला लावला. पुढचं काय सांगू. लक्ष्मीपूजनापर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने त्याच बाथरूममध्ये, आणि फराळाचे डबे जसेच्या तसे. ह्यांच्या कंपनीतल्या ओमानी ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे म्हातारी माणसं ते पोट साफ व्हायला घेतात म्हणे, तेही नखभर.

पाडव्याला मी फोन केला. तुम्ही हिशेब लिहायचात त्या कापडाच्या कारखान्यात, शेठच्या फोनपाशी बसून होतात. मागे लूमची खडखड, म्हणून तुम्ही ओरडून विचारलंत, "कारीट मिळालं का?"

मी पोट धरून ओरडले, "मिळालं, गिळलंसुद्धा!"

मग तुम्ही म्हणालात, "मग झाली तुझी दिवाळी." आणि शेठलाही ते ओरडून सांगितलंत. पुढची फजिती मी राखून ठेवली. भिवंडीला आले की समोर बसून सांगायची, तुम्हाला ठसका लागेपर्यंत हसवायचं, असं ठरवलं होतं.

शिमग्याच्या आधीच तुम्ही गेलात. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं वर्ष पाळावं लागत नाही, सासूबाईंनी तसं कळवलंही. पण पुढच्या दिवाळीत मी कढई काढली नाही, कंदील लावला नाही. ओढ्यातून एक फळ तेवढं आणलं. पहाटे त्याच उंबऱ्याशी फोडलं, बी जिभेवर ठेवली आणि उभी राहिले. कोणी ओरडेल म्हणून बराच वेळ उभी राहिले.

अप्पा, मी थुंकले.