लाल गाडीचं हेड

३ मार्च, सोमवार

माझ्या लाल गाडीचं हेड गेलं!! इंजिनाचं वरचं झाकणच. काल वेरूळहून येताना घाटात तापमानाचा काटा लालमध्ये, बॉनेटमधून वाफ, रेडिएटरचा होज पाइप पार फाटलेला. आज रऊफभाईंनी गॅरेजात इंजिन उघडलं. "हेड को क्रॅक है बाजी. दूसरा लाओ, नैतो भूल जाओ." दुसरं आणू कुठून? हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. पार्टच्या काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरकडं बघून म्हणाला, "मॅडम, हा नंबर सिस्टीममध्येच नाही."

५ मार्च

हसावं की रडावं! फाटलेला होज नवा होता. ओरिजिनल, पाकीटबंद. पुढं पार्ट मिळणार नाहीत या धास्तीनं मी वर्षानुवर्षं कपाट भरत गेले. रबर आत पडून पडून कडक झालं, आणि मी मोठ्या हौसेनं तेच बसवलं – चांगला चालणारा साधा होज काढून. अभय म्हणाला, "पार्टांचं लोणचं घातलंस ना निशा? खा आता!" नवरा बरोबर बोलतो तेव्हा जास्तच राग येतो.

९ मार्च

अभयच्या इलेक्ट्रिक गाडीतून म्हैसमाळला गेलो. गाडी चांगली आहे, पळतेही. पण मी त्यात पाहुण्यासारखी बसते.

लाल गाडीला चढावर तिसरा गिअर टाकला की इंजिनाचा आवाज चढत चढत थेट छातीत यायचा. वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी यायचे. अख्खा दिवस "मॅडम हे, मॅडम ते" – आणि मग तो अर्धा तास फक्त माझा. तो आवाज हवाय. आणि खरं सांगायचं तर तेव्हाची मीसुद्धा.

२२ मार्च

या मॉडेलच्या मालकांच्या ग्रुपवर बातमी – नाशिकच्या एकाची गाडी ट्रकला धडकली. सगळ्यांनी विचारलं, तुम्ही बरे ना? मी त्याच्याखालीच विचारलं, हेड शाबूत आहे का? चार जणांनी अंगठा दिला! म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच. पण हेडचाही चुराडा.

संध्याकाळी रऊफभाईंचा फोन. "फुलंब्री में एक खडी है, सेम टू सेम."

२३ मार्च, रविवार

मिळाली! आणि नाही मिळाली.

फुलंब्रीच्या पुढं शेतात पत्र्याचं शेड. बाहेर मेंढरं, आत चंदेरी गाडी. साहेबराव म्हणून म्हातारे आहेत. गाडी त्यांच्या मुलाची, अंगदची. तो जर्मनीत. "मला कुठं चालवता येती ताई! निस्ती चालू करतो, दर ऐतवारी. पोरगं म्हनलं व्हतं – आबा, बंद पडू देऊ नका, मी येतो." हेडचा विषय काढला तर हसले. "त्याची चीज हाय. म्या कशी देऊ?"

मग किल्ली फिरवली. तोच आवाज! मेंढरं जागची हललीसुद्धा नाहीत, सवयीची. मी मात्र तिथंच डोळे पुसत उभी.

३० मार्च

पाडवा. तरी फुलंब्री, तो आवाज ऐकायला. घरी सांगितलं, ज्वारी बघायला जाते. आता घरात ज्वारीच ज्वारी!

१४ एप्रिल

जयंती. भडकल गेटला पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, डीजे, निळा गुलाल. आमची लेक प्रांजली लहान असताना लाल गाडीला निळा झेंडा लावून आम्ही तिघं निघायचो. आज ती पुण्याहून आली नाही. परत येताना मी गॅरेजवरून गेले, नुसतीच बघून आले.

१७ एप्रिल

ग्रुपवरूनच अंगदचा नंबर मिळाला. धीर करून फोन लावला. "खुशाल न्या ताई! मी इथं घर घेतलंय. परत येणं आता होणार नाही." "आबांना माहितीय?" "नाही. सांगेन कधीतरी. गाडीचं मात्र आजच सांगतो, देऊन टाका म्हणून."

हेड माझं! स्वयंपाकघरातच नाचले. अभय म्हणाला, "ज्वारीचा भाव उतरला का गं?" रविवारी रऊफभाईंना घेऊन जायचं.

२० एप्रिल, रविवार

रऊफभाई पाने घेऊन तयार. साहेबराव म्हणाले, "पोराचा फोन आल्ता. देऊन टाका म्हनला. नवी घ्यायची आसंल त्याला, आल्यावर." हसत होते! म्हणजे खरं ते अजून सांगितलेलंच नाही. "यकदा चालू करतो ताई. शेवटचं आईकू."

चालूच होईना. पेट्रोलचा पंप गेलेला. रऊफभाई हळूच म्हणाले, "अपने को क्या बाजी, हेड तो अच्छा है." पण म्हातारा तिथंच जमिनीवर बसला. "माझ्या हातानं बंद पडली. त्यो आल्यावर काय सांगू त्याला?"

पाने पेटीत. आम्ही परत आलो. हा पंपही आता कुठं मिळत नाही. माझ्या गाडीत आहे, धडधाकट.

२७ एप्रिल, रविवार

रऊफभाईंनी लाल गाडीचा पंप काढून चंदेरीत बसवला. पहिल्या सेल्फला चालू! साहेबराव माझा हात धरून म्हणाले, "आता अंगद येस्तोवर चालंल ना?"

"व्हय मामा," म्हटलं, "चालंल."