पासष्टीपुढचे इतर लोक

१४ एप्रिल २०२०, बिश्केक
टीव्हीवर सांगितलं, पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये. मला सहासष्ट. पण ते म्हाताऱ्यांसाठी. मी अजून चार मजले चढतो. मध्ये दोनदा थांबतो, ते शेजाऱ्यांशी बोलायला. निश्चय: रोज व्यायाम.

१५ एप्रिल
व्यायाम सोमवारपासून. गुडघा.

१७ एप्रिल
झकास मटेरियल! थोरला भाऊ सागिनदादा, वय चौऱ्याहत्तर, मास्क हनुवटीला, आर्चाच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या जुनिपरच्या, पाल्याची धुरी घेऊन थेट नाक्यावरच्या पोलिसांना ओवाळत सुटला. पोरांनो, नाकात जाऊ द्या, रोग पळेल, म्हणे. पोलीस खोकून बेजार. मी सगळं शूट केलं. वर लिहिलं: ‘व्हायरससाहेब, पान वाढलंय.’ ग्रुपवर टाकलं.

१९ एप्रिल
व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला! कुणी गाणं जोडलं. कुणी लिहिलं, चला, एक पेन्शन वाचली. हसून पोट दुखलं. बुरुल म्हणाली, सख्ख्या भावाची थट्टा करताना लाज नाही वाटत? बायकोला विनोदाचं अंगच नाही.

२ मे, दुपारी
दादाचा फोन. पावाच्या दुकानात पोरं त्याला बघून खोटं खोटं खोकतात म्हणे. तो व्हिडिओ काढून टाक म्हणाला. मी म्हटलं, अरे दादा, तू फेमस झालास! त्याने फोन ठेवला. म्हणजे पटलं असावं. तरी उद्या काढून टाकतो.

३ मे
आणखी चारशे लाइक. काढून टाकायला जिवावर आलं.

६ जुलै
घरोघरी ताप. दादा फोन उचलत नाही. रुसला असेल, म्हातारी माणसं हळवी. उद्या नक्की जातो.

७ जुलै
ऊन फार. उद्या.

८ जुलै
पहाटे दादा गेला. आठ दिवस तापाने फणफणत होता. व्हिडिओ काढून टाकला. माझा निघाला, लोकांकडचे निघत नाहीत.

१४ जुलै
सातव्याचं जेवण. मोजकीच माणसं. मेंढ्याची मुंडी घरातल्या थोरल्यापुढे ठेवायची असते. पुतण्या मेलिस ताट घेऊन क्षणभर उभा राहिला, मग माझ्यापुढे ठेवलं.
मी विचारलं, एवढा ताप होता, तर मला का नाही कळवलं? तो खाली बघत म्हणाला, बाबांनीच बजावलं होतं, काकाला सांगू नका, तो फोन घेऊन येईल.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सुरू केल्याशिवाय कुणी घास घेणार नव्हतं. सगळे माझ्या हाताकडे बघत बसले होते.