चुन्याच्या क्रूसाची जागा

तिहुआना

प्रिय ओतिलियाताई,

तुला आणि आईच्या तसबिरीला नमस्कार. माझी काळजी करू नकोस. बीपी उतरतंय, काळ्या घेवड्यात मीठ नावालाच घालते. अक्षर वाकडं दिसेल. टेबलाचा पाय हलतोय. तू गोळ्या घेतेस ना?

डॉक्टरीणबाईंनी घरीच योगासनं करायला सांगितलीत. सगळी जमतात, शवासन सोडून. आडवं होण्याइतकी जागा खोलीत एकच आहे. माझा एवारिस्तो ह्याच बीपीने गेला तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या शवपेटीखाली जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला होता ना, तिथली. नवव्या दिवशी प्रार्थना करून चुना उचलला, तरी अजून तिथे कुणी पाय ठेवत नाही.

सून चिडली. "आई, बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका, पडा तिथे!"

"पडले तर तो म्हणेल, आलीस एवढ्यात?"

"मग सांगा त्यांना, आराम करायला आलेय म्हणून."

काल पडले. फरशी गार होती. डोळे मिटून म्हटलं, "जरा सरक रे. मला उठायचंय अजून."

डावा हात जड झाला होता. पण उठले, ताई. सुनेचा हात धरून का होईना, उठले.

तुझ्या मिठीसाठी आसुसलेली,
धाकटी एउफेमिया